ब्लॅक घोस्ट दर उन्हाळ्यात खाणं का सोडतो?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. दिवाळीत टाकीसाठी आणलेला बोटभर ब्लॅक घोस्ट, हा काळा शोभेचा मासा, थंडीत मजेत असतो. दिवे मालवले की लपायच्या नळीतून अर्धा बाहेर येतो, चिमट्यातलं ब्लड वर्म, म्हणजे खाद्याची लाल अळी, ओढून घेतो. होळी झाली की खाणं कमी व्हायला लागतं. एप्रिलच्या मध्याला तो बाहेर येणंच सोडतो. दुकानदार सांगतो, मीठ टाका. मीठ टाकल्यावर उरलंसुरलं खाणंही बंद. काही मासे मे महिन्यात जातात. जे तगतात ते जुलैत आपोआप सुधारतात, मग आपण विसरून जातो आणि पुढच्या होळीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी ही तक्रार बहुतेक वेळा आजार नसतेच. टाकीच्या पाण्यात क्षार साठलेले असतात आणि माशाला घास सापडत नसतो. औषधाची बाटली उघडण्याआधी हे तपासून घ्या, कारण या माशाला आजारापेक्षा औषधच जास्त बाधतं.

तो शोधतो कसा

ब्लॅक घोस्ट हा इलेक्ट्रिक ईलचा नातलग. दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, दोघंही नाइफफिशच्या गणातले. ईल नावाचा असला तरी इलेक्ट्रिक ईल खरा ईल नाही. आपल्या नद्यांतल्या वामशी तर त्याचा काहीच संबंध नाही. बाजारात 'फायर ईल' म्हणून मिळतो तो वामच्या भावकीतला, त्यात वीज नसते. इलेक्ट्रिक ईलच्या एका जातीने ८६० व्होल्टचा झटका दिल्याची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. ब्लॅक घोस्टची वीज मिलिव्होल्टच्या घरातली. हात घातलात तरी काही कळणार नाही.

पण ती वीज अखंड चालू असते. शेपटीतला अवयव सेकंदाला साधारण हजार वेळा क्षीण लहर सोडतो, दिवसरात्र, जन्मभर. अंगाभोवती त्या विजेचं एक क्षेत्र तयार होतं. एखादी अळी, दगड, दुसरा मासा त्या क्षेत्रात आला की ते थोडंसं वाकतं, आणि कातडीतल्या हजारो संवेदकांना ते कळतं. डोळे आहेत, पण बारीक आणि कामचलाऊ. गढूळ पाण्यात, काळोखात, हा मासा विजेने चाचपडत जगतो.

खाताना नीट बघितलंत तर हे डोळ्यांना दिसतं. खोलीत मंद लाल दिवा ठेवा आणि थोडं ब्लड वर्म सोडा. मासा डोकं किंचित खाली करून पुढे सरकतो. अळी तोंडासमोर नसते, बहुधा डोक्याच्या बाजूने किंवा पाठीवरून निसटून मागे जाते. तेवढ्यात पोटाखालच्या लांबलचक पंखाची लाट उलटी फिरते, मासा न वळता सरळ मागे येतो आणि तोंड बरोबर अळीवर आणून ती टिपतो. अळी अंगाजवळून गेल्याचं कळलं, म्हणूनच तो मागे आला.

हे कळण्याचा पल्ला किती? फार थोडा. इलिनॉय विद्यापीठात याच जातीच्या माशांना काळोखात डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) खाताना इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपलं गेलं. मॅकआयव्हर, शाराबाश आणि नेल्सन यांचा तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. भक्ष्य काही सेंटिमीटरच्या आतच कळत होतं, आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढवली की तेवढंही अंतर आखडत होतं. आपल्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून जास्त सहज वाहते आणि माशाने उभं केलेलं क्षेत्र तितकं कोलमडतं. ॲमेझॉनच्या अनेक उपनद्यांचं पाणी जवळपास पावसाच्या पाण्याइतकं मऊ, वाहकता ५० मायक्रोसीमेन्सच्या आतबाहेर. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या आपल्या टीडीएस मीटरवर हा आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे २५ पीपीएम (लिटरमागे २५ मिलिग्रॅम). आपल्याकडे पिण्याच्या पाण्याला ५०० पीपीएमपर्यंत चांगलं म्हणतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालतं. या माशाच्या दृष्टीने मात्र ते दाट धुकं आहे.

तो ५०० पीपीएमला लगेच मरत नाही, हेही खरं. इंडोनेशियात शेततळ्यांवर वाढवलेले मासे आपल्याकडे येतात, ते बऱ्यापैकी सोशिक असतात, आणि ३०० पीपीएमला वर्षानुवर्षं नीट खाणारे ब्लॅक घोस्ट आहेत. गडबड होते ती पाणी एका आकड्यावरून हळूहळू दुसऱ्यावर सरकतं आणि आपल्याला पत्ता नसतो तेव्हा.

उन्हाळ्यातच का

बाष्पीभवनामुळे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी तापू नये म्हणून आपण टाकीवर पंखा लावतो, तेव्हा ते आणखी वेगाने उडतं. कमी झालेलं पाणी आपण भरतो, आणि त्या भरलेल्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात.

हिशेब करून बघा. समजा २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडतं आणि तुम्ही ५०० पीपीएमच्या बोअरच्या पाण्याने ते भरता. दोन महिन्यांत १८० लिटर पाणी भरलं. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरला तर ९० ग्रॅम क्षार टाकीत आले, आणि गेले कुठेच नाहीत. म्हणजे टीडीएस ४५० ने वाढला. सुरुवात ५०० ला असेल तर आता ९५०. पाणी स्वच्छ दिसतं, अमोनिया शून्य, बाकी गप्पी-मोली खुशीत. फक्त ब्लॅक घोस्ट खात नाही.

त्यात पाणीकपात असते, म्हणून लोक नेमके याच दिवसांत पाणी बदलणं कमी करतात. सोसायटीत टँकर सुरू होतो. टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचंच, आणि आजच्या टँकरचा आकडा उद्याच्या टँकरला नसतो. पुण्याच्या भोवतालच्या नव्या वसाहतींत, मराठवाड्यात, ही अडचण रोजची आहे. मुंबईत धरणांचं पाणी मुळात मऊ, त्यामुळे तिथे हीच तक्रार आली तर आधी मीठ आणि सजावट यांच्याकडे बघा, त्यावर पुढे येतोच.

आणि एक काटकसर बाधते, ती चांगल्या मनाने केलेली असते. घरच्या आरओच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते बादलीत धरून टाकीला वापरायचं. फरशी पुसायला वापरा, कुंड्यांनाही बेताने चालेल. टाकीत नको. आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत आहेत.

उकाड्याचा आणखी एक भाग आहे. पाणी तापलं की या माशाच्या लहरींचा वेग वाढतो, अंगाची प्राणवायूची मागणीही वाढते. आणि त्याच वेळी पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सुमारे ७.३. घरची वीज गेली, एअर पंप थांबला, की रात्री हा मासा सगळ्यांच्या आधी धापा टाकतो. विदर्भात टाकी असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन नव्हे.

क्षारच कारण आहेत हे कसं ओळखायचं

टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, आरओ दुरुस्त करणाऱ्याकडेही असतो. दोन मापं घ्या: टाकीतलं पाणी आणि जे पाणी तुम्ही भरता ते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर साठा झालेला नाही. मग मूळ पाणीच जड आहे का एवढं बघा. टाकीचा आकडा भरण्याच्या पाण्याच्या दीडपट-दुप्पट असेल तर उत्तर मिळालं.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत ना, याची खातरजमा त्याआधी करा. ते शून्य नसतील तर बाकी सगळं बाजूला, आधी पाणी बदला.

मग माशालाच विचारा. रात्री दिवे बंद करून तासभर जाऊ द्या. लांब चिमट्यात किंवा लांब ड्रॉपरमध्ये ब्लड वर्म घेऊन ते माशापासून ओंजळभर अंतरावर सोडा आणि बघत राहा. वास त्याला येतो. तो नळीतून निघेल, इकडेतिकडे फिरेल, आणि अळीच्या बाजूने निघून जाईल. पुन्हा येईल, पुन्हा निघून जाईल. मागे सरकून टिपण्याची ती हालचाल दिसणार नाही. आता तीच अळी अगदी तोंडाला लागेल इतकी जवळ न्या. लगेच ओढून घेतली, तर भूक आहे, नजर नाही. पाणी हलकं करा. तोंडाला लागूनही तो मागे हटत असेल, तर मामला वेगळा: तापमान, प्राणवायू, दुसऱ्या माशांचा जाच किंवा खरंच आजार.

नळीत आडवा पडलेला दिसला म्हणून घाबरू नका. हा मासा कुशीवर पडून विसावा घेतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेलेलाच वाटतो. काळजीची खूण वेगळी आहे: डोक्यामागे पाठीचा भाग आत गेलेला, तिथे खाच दिसते. ती दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आठवडाभराचा उपास मात्र अंगाने भरलेल्या मोठ्या माशाला सहज पेलतो, त्यामुळे घाईने काहीबाही करण्याची गरज नसते.

पाणी हलकं कसं करायचं

सावकाश. जड पाण्यातून एकदम मऊ पाण्यात गेलेल्या माशाच्या अंगात पाणी शिरतं, आणि ते दुखणं मूळ तक्रारीपेक्षा वाईट.

टाकी ७०० ला आहे आणि तुमच्या आरओचं पाणी ३० ला आहे असं धरा. दर वेळी एकपंचमांश पाणी बदलत गेलात तर आकडा ७०० वरून ५६६, ४५९, ३७३, ३०४, २५० आणि सहाव्या खेपेला २०६ वर येतो. आठवड्यातून दोनदा बदललंत तर तीन आठवडे. बहुतेक मासे तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतरच पुन्हा टिपायला लागतात. १५० ते २०० च्या दरम्यान थांबा, त्याखाली जायची गरज नाही. शुद्ध आरओवरच टाकी चालवलीत तर पाण्यात आम्लता पेलण्याची ताकदच राहत नाही, पीएच एका रात्रीत कोसळतो आणि फिल्टरमधले जिवाणू बसतात.

त्यानंतरचा नियम एकच: उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरायचं, बदलायचं पाणी मिश्रणाचं. मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. नळाचं ६०० आणि आरओचं २० असेल, तर एक बादली नळाच्या पाण्याला साधारण साडेतीन बादल्या आरओ घातलं की १५० येतं. दर वेळी मीटर बुडवून बघा. टँकरवर विश्वास ठेवू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेहमीसारखं मारून घ्या.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरता येतं. पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या, छपराची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जाऊ दे. डांबराचा थर दिलेली गच्ची किंवा गंजका पत्रा असेल तर नको. जुलैत मासे 'आपोआप' सुधारतात त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं: बाष्पीभवन थांबतं, धरणं-विहिरी भरून नळाला मऊ पाणी येतं, कपात उठल्याने आपण पुन्हा पाणी बदलायला लागतो.

मिश्रण करूनही टीडीएस चढत असेल तर टाकीच्या आत बघा. पांढरी संगमरवरी खडी, कोकणातून आणलेले शिंपले, प्रवाळाचा तुकडा. शंका असेल त्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला की बाहेर. तळाला गुळगुळीत बारीक वाळू या माशाला सगळ्यात बरी.

मिठाबद्दल

आपल्या मत्स्यपालनात मीठ हे रामबाण आहे. पंख फाटला, मीठ. पांढरे ठिपके, मीठ. मासा उदास, मीठ. गप्पी-मोलीला ते चालतं, गोल्डफिशला चालतं. पण लिटरमागे १ ग्रॅम मीठ घातलं की पाण्याची वाहकता सुमारे २००० मायक्रोसीमेन्सने वाढते. वीस लिटरला एक मोठा चमचा या नेहमीच्या सल्ल्याने तुम्ही जवळपास तिथेच पोहोचता. जो मासा पन्नासच्या पाण्यात घडला, त्याच्या विजेचं त्या पाण्यात काय होत असेल ते सांगायला नको. दोन दिवसांनी तो 'आणखी सुस्त' होतो, आणि मग दुसरा चमचा पडतो. मीठ उडून जात नाही, फिल्टर त्याला धरत नाही. पाणी बदलल्याशिवाय ते टाकीतून हलत नाही.

म्हणून कोणी विचारलं की मीठ टाकू का, तर माझं उत्तर सरसकट नाही असंच असतं. दुसऱ्या माशाला उपचार करायचाच असेल तर त्या माशाला वेगळ्या टबात काढा.

पांढरे ठिपके खरोखर आले, आणि ब्लॅक घोस्टला ते फार लवकर येतात, तर तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, हवेचे दगड दुप्पट करा, रोज थोडं पाणी बदला आणि तळ साईफनने ओढून काढा, कारण परजीवीच्या गाठी तळाशीच फुटतात. ठिपके गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवा. याचे खवले अतिशय बारीक, नसल्यासारखेच, त्यामुळे औषध अंगात थेट शिरतं. तांबं असलेलं कोणतंही औषध नको. मॅलाकाइट ग्रीनची वेळच आली तर बाटलीवर लिहिलेल्याच्या निम्म्याने, आणि हातमोजे घालून.

जागा, सोबती, खाणं

पाणी ठीक असेल आणि तरीही खात नसेल तर बाकीचं पटकन बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा आणा, कडा कानशीने घासून गुळगुळीत करा. पारदर्शक नळी मिळाली तर उत्तम. माशाला अंगाला चारी बाजूंनी भिंत जाणवली की पुरे, त्याला लपल्यासारखं वाटतं आणि तुम्हाला तो दिसत राहतो. दिवे मालवल्यावरच खाऊ घाला, घास नळीच्या तोंडाशी सोडा. सोबतीला भराभर खाणारे टायगर बार्ब किंवा मोठे सिक्लिड असतील तर त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही. काच चाटणारा सकर मासा असेल तर तोच आधी काढा. रात्री सपाट अंगाच्या माशाला चिकटून तो अंगावरचा चिकट थर खरवडतो. दोन ब्लॅक घोस्ट एकत्र नकोत, एकमेकांच्या लहरींचा त्रास होतो आणि मग शेपट्या कुरतडल्या जातात. शेपटी पुन्हा उगवते, पण विजेचा अवयव शेपटीतच असल्याने तोवर त्याची शोधाशोध अधू होते.

नाल्यातून काढलेलं जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) टाळा. फ्रोझन ब्लड वर्म, कोळंबीचे बारीक तुकडे, गांडूळखताच्या वाफ्यातलं धुतलेलं गांडूळ. कोरड्या गोळ्यांची सवय लागते, पण उपाशी माशाला ती लावायची वेळ ही नव्हे. आणि दोन फुटी टाकीत हा मासा कायमचा ठेवण्याचा विचार सोडा. निसर्गात तो ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. घरी फूट-सव्वा फूट तरी होतोच. चार फूट लांब, दीड फूट रुंद ही सुरुवात समजा.

टाकीत करंट उतरत असेल तर

पाणी हलकं, तापमान बरोबर, एकटाच मासा, तरीही तो एका कोपऱ्यात दबून असेल, विशेषतः हीटर किंवा पंप चालू असताना, तर विजेची गळती तपासा. या माशाला दोन प्रकारचे संवेदक असतात: एक स्वतःच्या हजारभर लहरींना जुळलेले, दुसरे अगदी संथ बदल टिपणारे. घरातली वीज ५० हर्ट्झची, ती या दुसऱ्यांच्या टप्प्यात येते. तडा गेलेल्या हीटरची जी गळती आपल्याला बोटाला मुंग्या आल्याइतकीही कळणार नाही, ती त्याला कळते.

पण आधी स्वतःचा जीव. टाकीची सगळी उपकरणं ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, असली पाहिजेत, अर्थिंग खरोखर जोडलेलं असलं पाहिजे, आणि प्रत्येक वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडतं. आरसीसीबी सारखा पडत असेल तर तो बदलू नका, तो का पडतो ते शोधा.

गळती ऐकताही येते, आणि मासाही. माइकची जोडणी असलेला बॅटरीवरचा छोटा स्पीकर घ्या. चार्जरला लावलेला चालणार नाही, भिंतीच्या विजेशी त्याचा कसलाही संबंध नको. माइकच्या केबलच्या दोन तारांना स्टीलच्या दोन बारीक सळया जोडा. तांबं पाण्यात बुडवू नका. सळया टाकीच्या दोन टोकांना बुडवून स्पीकर चालू केलात की एक बारीक, न थांबणारा, शिट्टीसारखा सूर येतो. तो तुमचा मासा. फोनवरच्या गिटार ट्यूनरला तो ऐकवा, हर्ट्झमध्ये आकडा मिळेल. मासा सळईजवळ आला की सूर मोठा होतो, लांब गेला की बारीक. काळोखात तो कुठे आहे हे कानाने सांगता येतं. मीठ घातलेल्या टाकीत हाच सूर किती क्षीण होतो, तेही कानाला कळतं.

सुराखाली जाड घुंई ऐकू येईल ती घरच्या विजेची. थोडी घुंई भोवतालच्या वायरिंगमुळे येतेच, तिला घाबरू नका. टाकीचा एकेक प्लग काढत जा. एखादा काढल्यावर घुंई एकदम बसली, तर ते उपकरण फेकून द्या. हीटर चिकटवून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका.

दोन प्रश्न, जे हमखास येतात

पहिला, खरा इलेक्ट्रिक ईल घरी ठेवता येईल का. माझ्या मते नाही. दोन मीटरच्या वर वाढणारा मासा. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते, अंगाला लागणाऱ्या प्राणवायूचा बहुतांश भाग तो तसाच मिळवतो, म्हणजे वर मोकळी जागा आणि भक्कम झाकण दोन्ही हवं. टाकी साफ करताना त्याचा झटका बसला आणि माणूस पाण्यात कोसळला, तर उठवायला कोण? त्याची पैदास तर घरगुती गोष्टच नाही. कोरड्या दिवसांत नर लाळेच्या फेसाचं घरटं बांधतो, मादी त्यात अंडी घालते, नर राखण करतो, आणि पूर आला की पिल्लं पसरतात. हे सारं काचेच्या टाकीत कसं बसवायचं?

दुसरा, ब्लॅक घोस्टची जोडी लावता येईल का. घरी क्वचित जमतं, पण अशक्य नाही, आणि किल्ली तीच आहे. फ्रांक किर्शबाउम यांनी १९७५ साली दाखवून दिलं की या गणातल्या माशांची वीण प्रकाशापेक्षा पाण्यावर ठरते: वाहकता सावकाश उतरत जाणं, पातळी वाढत जाणं, आणि वरून पावसासारखं पाणी पडणं. म्हणजे उन्हाळाभर टाकी ३०० च्या आसपास आणि पाणी थोडं कमी ठेवायचं, जून लागला की रोज थोडं पावसाचं किंवा आरओचं पाणी झारीतून वरून सोडत आकडा खाली आणायचा. भरपूर जिवंत खाद्य लागतं. अंडी दिसली की मोठे मासे वेगळे करा. पिल्लांना पोटातला बलक संपल्यावर अंड्यातून नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. एकाच टाकीत दोघं ठेवायचे तर ती मोठी हवी आणि नळ्या माशांपेक्षा जास्त.

नर-मादी अंगावरून ओळखणं अवघड, पण वरचा स्पीकर इथेही कामाला येतो. या जातीत मादीचा सूर सहसा नरापेक्षा उंच असतो. जवळच्याच दुसऱ्या एका जातीत, ब्राउन घोस्टमध्ये, नेमकं उलटं. दोन माशांचे आकडे वेगवेगळ्या टाक्यांत घेत असाल तर दोन्हीकडचं तापमान आधी सारखं करा. पाणी दोन अंशांनी गरम असलं तरी सूर चढतो, आणि नराची मादी होऊन बसते.